वाचकांचे प्रश्न : घरच्या कॉफीसाठी कोणते यंत्र घ्यावे?

प्रश्न : आम्ही घरात चौघे आहोत. मी आणि माझे पती दोघेही नोकरी करतो आणि सकाळी आठला घराबाहेर पडतो. सासूबाईंना जायफळ घातलेली, भरपूर दुधाची कॉफी लागते. आम्ही दोघेही दुधाचीच पितो. मुलगा व्यायामशाळेत जाऊ लागल्यापासून बिनदुधाची घेतो. आजवर आम्ही पाण्यात विरघळणारी तयार पावडर वापरत आलो. आता पंधरा हजारांपर्यंत खर्च करून एस्प्रेसो यंत्र घ्यावे, असे पतींच्या मनात आहे. घेतलेली वस्तू महिनाभरात माळ्यावर जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. काय घ्यावे? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : आपल्या घरातल्या चार कपांपैकी तीन कप दुधाचे आहेत, आणि निवडीची सुरुवात मी तिथूनच करीन. आपल्याकडचे म्हशीचे दूध दाट असते. त्यात सहा-सात टक्के स्निग्धांश सहज असतो. अशा दुधात कॉफीची चव टिकायची तर कॉफीचा अर्क मुळातच कडक आणि दाट हवा. असा अर्क घरच्या घरी तीन साधने देतात : आपला दाक्षिणात्य फिल्टर, शेगडीवर ठेवायचा इटालियन मोका पॉट आणि एस्प्रेसो यंत्र. कागदी गाळणीतून थेंब थेंब कॉफी पाडणारे विजेचे यंत्र किंवा फ्रेंच प्रेस (पूड गरम पाण्यात भिजवून चोथा दट्ट्याने खाली दाबायचे भांडे) यांची कॉफी पातळ असते. ती नुसती प्यायला सुरेख लागते, पण त्यात दूध घातले की रंग येतो आणि चव हरवते. दुकानात हा फरक सहसा कोणी सांगत नाही, आणि पुढची निराशा बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

एस्प्रेसो यंत्राविषयी आधी सांगतो, कारण पतींचा ओढा तिकडे आहे. बारीक दळलेल्या कॉफीतून सुमारे ९ बार (म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण नऊपट) दाबाने गरम पाणी पंचवीस ते तीस सेकंदांत पार करायचे, हे त्या यंत्राचे काम. खोक्यावर १५ बार असे ठळक छापलेले असते; तो पंपाचा कमाल दाब असतो, त्यावरून कॉफीची प्रत ठरवू नये. यंत्राइतकेच महत्त्व दळण्याला असते. पूड जराशी जाड झाली की पाणी भसकन निघून जाते आणि कॉफी आंबट, पाणचट होते; जराशी जास्त बारीक झाली की थेंब पडता पडत नाही आणि कडू होते. त्यामुळे हौशी माणसाला यंत्राबरोबर चांगला ग्राइंडरही लागतो, आणि आपल्या अंदाजपत्रकात दोन्ही नीट बसणे कठीण आहे. त्यात आपल्याला सकाळच्या घाईत तीन दुधाचे कप हवेत. या किमतीच्या बहुतेक यंत्रांत एकच तापक असतो. आधी कॉफी काढायची, मग तो वाफेसाठी तापेपर्यंत थांबायचे, मग दूध फेसाळायचे, वाफेची नळी लगेच ओल्या फडक्याने पुसायची. रविवारी निवांतपणे हे सारे करण्यात मोठा आनंद आहे. पावणेआठला मात्र ते जमणार नाही, आणि माळ्यावर जाणारी वस्तू हीच असते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आपल्या घराला मी स्टीलचा किंवा पितळेचा दोन मजली फिल्टर सुचवीन. तो काही शंभर रुपयांत मिळतो, त्याला वीज लागत नाही, त्यात बिघडण्यासारखे काही नाही, आणि मुख्य म्हणजे तो आपण झोपलेले असताना काम करतो. चार कपांसाठी वरच्या भांड्यात साधारण ३० ग्रॅम पूड घालावी, वरची दांडीची चकती नुसती टेकवावी, दाबू नये. मग नुकते उकळून खाली उतरवलेले १८० मिलिलिटर पाणी आधी थोडे, पूड भिजेपर्यंत, आणि अर्ध्या मिनिटाने उरलेले, असे गोल फिरवत ओतावे. पूड स्वतःच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली सुमारे १२० मिलिलिटर अर्क उतरतो, म्हणजे कपाला ३० मिलिलिटर. पहिले थेंब काळे आणि जाड पडतात. भांड्याला कान लावला तर टप टप ऐकू येते. पंधरा-वीस मिनिटांतही बराचसा अर्क मिळतो, पण रात्री जेवणानंतर लावून ठेवला तर सकाळी फक्त दूध तापवण्याचे काम उरते. अर्क पुन्हा उकळू नये. दूध कडकडीत तापवून त्यावर ओतावे, तेवढी उष्णता पुरते.

सासूबाईंचे जायफळ दुधात किसावे, फिल्टरमधल्या पुडीत मिसळू नये. भांड्याला लागलेला तो वास धुऊनही रेंगाळतो आणि मग सगळ्यांच्याच कपात येतो. मुलासाठी वेगळे यंत्र घेण्याची गरज नाही. त्याच अर्कात तिप्पट-चौपट गरम पाणी घातले की त्याची काळी कॉफी तयार होते. मात्र फिल्टर कॉफीच्या पाकिटात बहुधा चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळाची पूड) मिसळलेली असते आणि तिचे प्रमाण पाकिटावर छापलेले असते. चिकोरीमुळे अर्काला रंग आणि दाटपणा येतो आणि तो दुधाबरोबर छान जुळतो, पण बिनदुधाच्या कॉफीत ती उगीच कडवट गोडसर लागते. मुलाला ते रुचले नाही तर त्याच्यासाठी शुद्ध कॉफी आणि एक छोटा मोका पॉट घ्यावा.

मोका पॉटविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तो माझ्या घरी रोज वापरात आहे. इटलीत १९३३ मध्ये अल्फोन्सो बियालेट्टी यांच्या कारखान्यातून तो बाजारात आला. खालच्या भांड्यातले पाणी तापले की वाफेच्या दाबाने ते पुडीतून वर चढते. हा दाब एक-दोन बार एवढाच असतो, म्हणून ती कॉफी कडक असली तरी तिला एस्प्रेसो म्हणता येणार नाही. पहिल्या आठवड्यात मी फिल्टरसाठी असलेली बारीक पूड त्यात चमच्याने दाबून भरली. पाण्याला वाट मिळेना, जोडावरून वाफ फुसफुसू लागली आणि गरम कॉफी ओट्यावर उडाली. त्यामुळे पूड न दाबता सपाट भरणे आणि पाणी बाजूच्या झडपेच्या खाली ठेवणे या दोन गोष्टी नवशिक्याने आधी शिकाव्यात. घेताना आणखी दोन बाबी तपासाव्यात. त्याच्यावर ‘सहा कप’ लिहिलेले असले तरी तो कप सुमारे ५० मिलिलिटरचा असतो. आणि आपल्याकडे इंडक्शन शेगडी असेल तर ॲल्युमिनियमचा पॉट तिच्यावर तापणार नाही, स्टीलचाच घ्यावा लागेल. गॅसच्या मोठ्या शेगडीवर त्याचे लहान बूड डुगडुगते. त्यासाठी चार बोटांची लोखंडी जाळी मिळते.

उरलेले पैसे चांगल्या कॉफीवर खर्च करावेत, हे मी आग्रहाने सांगेन. महाराष्ट्रात चिखलदऱ्याला थोडी कॉफी पिकते, पण देशातल्या उत्पादनाचा सुमारे सत्तर टक्के वाटा कर्नाटकाचा आहे आणि आपल्याकडे येणारा बराच माल चिकमगळूर व कोडगू भागांतला असतो. पूड एका वेळी पाव किलोच आणावी. मुंबईत माटुंग्याला समोर दळून देणारी जुनी दुकाने आहेत; पुण्यातही आता भाजण्याची तारीख छापलेली कॉफी सहज मिळते. दळून घेताना भांड्याचे नाव अवश्य सांगावे. बोटांत चोळून पाहिले तर फ्रेंच प्रेसची पूड जाड रव्यासारखी, मोका पॉटची त्याहून बरीच बारीक पण कणीदार, आणि एस्प्रेसोची जवळजवळ पिठीसारखी लागली पाहिजे.

कॅप्सूलच्या, म्हणजे एका कपापुरती पूड भरलेली बंद डबी घालून चालवायच्या यंत्रांचा आपण उल्लेख केलेला नाही, तरी दुकानात ती पुढे केली जातील. ती स्वच्छ आणि झटपट असतात, पण एका कपाचा खर्च कायम चढा राहतो आणि त्याच मापाच्या कॅप्सूल मिळत राहण्यावर सारे अवलंबून असते. रोजच्या चार कपांच्या घराला मी ती सुचवणार नाही.

प्रश्न : मुलाने वाढदिवसाला कागदी गाळणीचे विजेचे कॉफी यंत्र पाठवले. पहिले सहा महिने उत्तम चालले. आता दहा मिनिटांत होणाऱ्या कॉफीला अर्धा तास लागतो आणि आवाज फार होतो. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. शिवाय डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल वाढल्याचे सांगितले आहे. कॉफी सोडावी लागेल का? (एक ज्येष्ठ वाचक, लातूर)

उत्तर : आपले यंत्र बिघडलेले नसावे, त्याच्या नळीत क्षार साचले आहेत, असे या लक्षणांवरून दिसते. जड पाणी तापले की त्यातला कॅल्शियमचा क्षार पांढऱ्या थराच्या रूपाने चिकटतो, तसा आपल्या आंघोळीच्या गिझरमध्येही चिकटत असेल. किराणा दुकानातले लिंबूसत्त्व एक लिटर पाण्यात दोन चमचे विरघळवावे, पूड न घालता ते पाणी यंत्रातून अर्धे जाऊ द्यावे, यंत्र बंद करून वीस मिनिटे थांबावे, मग उरलेले जाऊ द्यावे. त्यानंतर दोनदा साधे पाणी चालवावे. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळावी. बोअरच्या पाण्यावर हे दर महिन्याला करावे लागेल. पिण्याचे शुद्ध केलेले पाणी वापरले तर इतक्या लवकर वेळ येणार नाही.

औषधोपचाराविषयी आपल्या डॉक्टरांचाच शब्द मानावा. पण यंत्राच्या बाबतीत मुलाची निवड चांगली झाली आहे, हे मला आनंदाने सांगावेसे वाटते. कॉफीच्या तेलकट अंशातली कॅफेस्टॉलसारखी द्रव्ये रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवतात. उकळलेल्या आणि फ्रेंच प्रेसच्या कॉफीत ती पुष्कळ उतरतात, कागदी गाळणीत मात्र बहुतांशी अडकतात. ही कागदी गाळणी ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये कॉफीतला गाळ आणि कडूपणा टाळण्यासाठी मुलाच्या वहीतल्या टीपकागदापासून तयार केली होती. आपण दूध घालत असाल तर लिटरला नेहमीच्या ६० ग्रॅमऐवजी ८० ग्रॅम पूड घालून पाहावी आणि दूध कमी घालावे.

प्रश्न : मी वसतिगृहात राहते. खोलीत फक्त विजेची किटली चालते. एकटीपुरती चांगली कॉफी कशात करावी? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : फ्रेंच प्रेस किंवा एअरोप्रेस (नळीत भिजवलेली कॉफी हाताने दट्ट्या दाबून गाळणीतून काढायचे साधन). फ्रेंच प्रेसमध्ये जाडसर पूड चार मिनिटे भिजवून दट्ट्या हळू दाबायचा, एवढेच काम आहे. पण काच फुटते आणि ओला चोथा बेसिनमध्ये गेला तर नळी तुंबते, तेव्हा तो आधी कागदावर काढावा. एअरोप्रेस प्लास्टिकचा, न फुटणारा आहे, एका कपापुरताच आहे आणि चोथ्याची घट्ट वडी थेट कचऱ्याच्या डब्यात पडते, म्हणून सामायिक बेसिन असलेल्या वसतिगृहासाठी मी तोच घेईन.