भात-चिकनने जुलाब थांबले, पण तेच जेवण कायम ठेवू नका

ताई, तुमचा मोती दोन वर्षांचा देशी कुत्रा, १६ किलोचा. विकतच्या कोरड्या खाण्यावर पोट सारखं बिघडायचं म्हणून डॉक्टरांनी भात-चिकन सांगितलं, शी घट्ट झाली, आणि गेले चार महिने तेच चालू आहे. तरी दर आठवड्याला एकदा पातळ होतेच. आता कायम घरचंच द्यायचं तर काय शिजवू, असं तुम्ही विचारलंय.

घरचं जरूर द्या. पोट नाजूक असलेली बरीच कुत्री नीट बांधलेल्या घरच्या जेवणावर सुखात राहतात, माझ्याकडचीही राहिली. पण मोतीचं सध्याचं ताट आहे तसं पुढे चालवू नका. भात आणि उकडलेलं बिनहाडाचं चिकन हे जुलाबावरचं पथ्य आहे. तीन-चार दिवस, फार तर आठवडाभर. डॉक्टरांनीही बहुधा तेवढ्यासाठीच सांगितलं असेल.

चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. भातातही नाही. कुत्र्याच्या खाण्यात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी लागतं. ते पोटातून आलं नाही की शरीर हाडांतून काढून घेतं आणि रक्तातली पातळी सांभाळतं. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येतो, आपण निर्धास्त होतो, आणि आत हाडं विरळ होत राहतात. पिल्लांमध्ये हे फार लवकर होतं. चिकन-भातावरच वाढवलेलं आणि सोफ्यावरून साधी उडी मारताना पाय मोडलेलं पिल्लू मी पाहिलंय. मोती वाढ पूर्ण झालेला आहे, घाबरून जाऊ नका, पण हे आजच सुरू करण्यासारखं काम आहे.

अंड्याची कवचं धुऊन दहा मिनिटं उकळा, कडकडीत वाळवा, मिक्सरमध्ये अगदी बारीक पूड करा आणि पातळ कापडातून चाळून घ्या. बोटांत घेतली तर मैद्यासारखी लागली पाहिजे, कण राहता कामा नयेत. एक ग्रॅम पुडीत साधारण ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. मोतीला रोज सपाट अर्धा छोटा चमचा, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास, जेवणात मिसळून पुरे. पहिले काही दिवस चिमूटभरापासून चढवत न्या. जास्त घालू नका, शी खडूसारखी कडक आणि पांढुरकी व्हायला लागते.

आता दर आठवड्याच्या त्या पातळ शीबद्दल. तुम्ही ओघात दोन गोष्टी लिहिल्यात: आजी रोज संध्याकाळी त्याला दूध-पोळी भरवतात, आणि रविवारी चिकनवाल्याकडून 'वेस्ट' आणून त्याला शिजवून घालता. दूध रोजचं आहे, बिघाड मात्र सोमवार-मंगळवारचा. माझा पहिला संशय वेस्टवर आहे. त्यात कातडी आणि चरबीच जास्त असते, आणि नाजूक पोटाला एकदम आलेली चरबी सोसत नाही. कधी प्रकरण जुलाबावर थांबतही नाही, स्वादुपिंडाला सूज येते. कुत्रा ओकत राहतो, पोट दुखतं म्हणून पुढचे पाय पसरून मागचा भाग वर करून उभा राहतो. असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शिवाय वेस्टमध्ये मानेची हाडं येतात. शिजवलेलं हाड फुटून टोकदार होतं आणि आतड्यात रुततं, कुकरमधून काढलेलंही देऊ नका.

वेस्ट या रविवारपासून बंद करा आणि बाकी सगळं आहे तसं ठेवून दोन आठवडे बघा. तरी पातळ होत असेल तर मग दूध थांबवा. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. एका वेळी एकच बदल करायचा, हा नियम मी फार कडक पाळतो, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या की नेमकं काय सोसलं नाही ते कधीच कळत नाही. कवचाची पूड तेवढी याला अपवाद. एका वहीत रोज दोन ओळी लिहा: काय खाल्लं, शी कशी झाली. घरातल्या सगळ्यांनी लिहायचं, वॉचमनकाकांनी दिलेलं बिस्कीटसुद्धा. आणि दूध थांबवावं लागलं तरी आजींच्या हातून भरवणं बंद करू नका, मोतीला त्याचीच जास्त गोडी असणार. त्याच्या वाटणीचं उकडलेलं अंडं किंवा भोपळ्याच्या फोडी त्यांच्या हातून जाऊ द्या.

चिकन त्याला सोसतंय, हे तुमच्या चार महिन्यांतून कळलं, ते मोलाचं आहे. कारण काही कुत्र्यांना चिकनचीच अॅलर्जी असते आणि मग सगळा घाट नव्याने घालावा लागतो.

रोजच्या जेवणाचा हिशेब असा. १६ किलोच्या, नसबंदी झालेल्या, बेताच्या हालचालीच्या कुत्र्याला दिवसाला ८५० ते ९०० कॅलरी लागतात. त्यासाठी मी हे घेईन: कातडी काढलेलं बोनलेस चिकन ३०० ग्रॅम, तांदूळ ९० ग्रॅम, लाल भोपळा १०० ग्रॅम, एक अंडं आणि दोन छोटे चमचे करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल. वजनं सगळी कच्ची, आणि काट्यावर मोजूनच. वाटीचा अंदाज रोज वेगळा पडतो. तेल चवीसाठी नाही. कुत्र्याच्या कातडीला आणि केसांना लागणारं लिनोलेइक आम्ल त्यातून मिळतं, बिनकातडीच्या चिकनमधून पुरेसं मिळत नाही. पण चरबीची शंका फिटेपर्यंत तेल अर्ध्या चमच्यावर ठेवा आणि हळूहळू वाढवा.

तांदूळ भरपूर पाण्यात अगदी मऊ, गुरगुट्या शिजवा. चिकन वेगळं उकडा, पाणी गार करून वर थिजलेली चरबी काढून टाका आणि उरलेलं पाणी भातात घाला. भोपळा वाफवून कुस्करा. त्याचा तंतू शी बांधून ठेवतो, जुलाब आणि बद्धकोष्ठ दोन्हींत उपयोगी पडतो. अंडं पूर्ण शिजलेलं द्या. मीठ नको, मसाला नको.

आणि भांडं वेगळं ठेवा. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, मग ते शिजवलेले असोत की वाटणातले. आपल्या रश्श्यातलं चिकन धुऊन घातलं तरी मुरलेलं निघत नाही. फोडणीच्या वरणाचंही तेच. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात, म्हणून शिऱ्याचा घाससुद्धा नको.

घरात चिकन शिजत नसेल अशा वाचकांसाठी: गाईच्या दुधाचं कमी चरबीचं घरी केलेलं पनीर आणि अंडी यांवर पथ्याचे दिवस छान निघतात. कायमचं शाकाहारी जेवण मात्र डॉक्टरांकडून आखून घेतल्याशिवाय करू नका.

हे सगळं करूनही ताट पूर्ण होत नाही, हे स्पष्ट सांगतो. जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांत ते कमी पडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, तर ९५ टक्के पाककृतींमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. काही पाककृती पशुवैद्यांनी लिहिलेल्याही होत्या. म्हणून वरची वजनं कागदावर उतरवून तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि घरच्या जेवणात मिसळायची खनिज-जीवनसत्त्वांची पावडर नेमकी कोणती, किती, ते विचारा. माणसांच्या मल्टीव्हिटॅमिनची गोळी अर्धी करून देऊ नका.

त्याच खेपेला शी तपासून घ्या. जंत आणि जिआर्डिया (आतड्यात राहणारा, डोळ्यांना न दिसणारा परजीवी) निघून गेल्याशिवाय कुत्र्याला 'नाजूक पोटाचा' ठरवणं घाईचं होतं, आणि देशी कुत्र्यांमध्ये हे दोन्ही सर्रास सापडतात. जिआर्डिया रोजच्या रोज शीत उतरत नाही, त्यामुळे एकच नमुना स्वच्छ आला म्हणून विषय संपत नाही. वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्या. शीत रक्त, डांबरासारखी काळी शी, वारंवार उलट्या, हिरड्या फिक्या पडणं किंवा पाणीही नको म्हणणं, यांपैकी काहीही दिसलं तर भोपळा-भात करत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा. पिल्लू असेल तर एका रात्रीचीही वाट बघू नका.

एकदम तीन दिवसांचं शिजवून फ्रिजमध्ये ठेवलं तर चालतं. कोमट करून दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं घाला आणि अर्ध्या तासात खाल्लं नाही तर भांडं उचला. नवं जेवण सुरू करताना सध्याच्या भात-चिकनमध्ये भोपळा, अंडं आणि पावडर एकेक करून आठ-दहा दिवसांत मिसळत न्या. शी सैल झाली तर शेवटची घातलेली वस्तू काढा, दोन दिवस थांबा आणि मग अर्ध्या प्रमाणात पुन्हा घालून बघा.