वाचकांचे प्रश्न : वाघाच्या जिल्ह्यातून झेब्र्यांच्या घळीकडे

प्रश्न : आम्ही नागपूरच्या प्रतापनगरात राहतो. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला येथे अनेकदा गेलो. परंतु तेथे सारा वेळ जिप्सीत बसून राहावे लागते, याचा आमच्या चौदा वर्षांच्या मुलाला कंटाळा येतो. केनियातील हेल्स गेट या लहान राष्ट्रीय उद्यानात पायी आणि सायकलने फिरता येते, असे कळले. मे महिन्याच्या सुट्टीत तेथे जावे काय? केवळ या एका उद्यानासाठी एवढा प्रवास करणे योग्य ठरेल का?

उत्तर : आपल्याला कळलेली माहिती खरी आहे. हेल्स गेट उद्यान 1984 साली घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 68 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्यातील बोर व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्राच्या जेमतेम निम्मे. नैरोबीच्या वायव्येस सुमारे 90 किलोमीटरवर नैवाशा सरोवर आहे आणि त्याच्या दक्षिणेस हे उद्यान लागते. ताडोबात वाहनातून खाली उतरण्यास मनाई असते, कारण तेथे वाघ आहे. हेल्स गेटमध्ये पायी फिरता येते, ते तेथे हत्ती नाहीत आणि सिंहांचा कायमचा वावर नाही म्हणून. बिबट्या आहे, पण तो क्वचितच दिसतो. झेब्रे, जिराफ, इलँड, हार्टबीस्ट व थॉमसन्स गॅझेल ही हरणासारखी जनावरे आणि वॉर्टहॉग हे रानडुकरासारखे जनावर मात्र रस्त्याच्या दुतर्फा निवांत चरताना दिसतात. काचेआडून जिराफ पाहणे आणि सायकल थांबवून, एक पाय जमिनीवर टेकवून तो पाहणे यांत फार अंतर आहे, आणि आपल्या मुलाला नेमके तेच हवे आहे, असे पत्रावरून वाटते.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ‘वाघ दिसला का?’ हा आपल्याकडचा प्रश्न ‘सिंह दिसला का?’ असा बदलून सोबत न्यायचा असेल, तर या उद्यानाने आपली निराशा होईल. येथे पाहायची ती भूमी. एल्सा फाटकातून आत शिरताच दोन्ही बाजूंना तांबूस कडे उभे राहतात आणि थोड्याच अंतरावर फिशर टॉवर नावाचा सुमारे 25 मीटर उंचीचा सुळका लागतो. ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला लाव्हा आजूबाजूची मऊ माती झिजून गेल्यावर असा एकटा उरला आहे. वाटाड्या आणि दोर यांच्या साह्याने त्यावर चढता येते. कड्यांवर गिधाडे व गरुड घरटी करतात, म्हणून दुर्बीण अवश्य न्यावी. फाटकाजवळ सायकली भाड्याने मिळतात. घेण्यापूर्वी ब्रेक आणि साखळी स्वतः तपासून घ्यावी. फाटकापासून उद्यानातील ओल न्जोरोवा घळीपर्यंतचे अंतर सात-आठ किलोमीटर आहे. जाताना ते सोपे वाटते. परतताना उन्हात, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 मीटर उंचीवर, तेच लांबते. रस्त्यात आफ्रिकी रानरेडा दिसल्यास छायाचित्राचा मोह टाळून थांबावे आणि त्याला जाऊ द्यावे. सायकलस्वाराला तेथे खरे भय असते ते त्याचेच.

आता मे महिन्याविषयी. नागपूरचा पारा पंचेचाळीसकडे झुकत असताना थंड हवेच्या जागी निघून जावे, असे कोणालाही वाटेल. परंतु मार्च ते मे हा केनियातील मोठ्या पावसाचा काळ आहे. ओल न्जोरोवा ही घळ या उद्यानाचे मुख्य आकर्षण. पाण्याने कोरलेल्या अरुंद भिंती, मधूनच झिरपणारे कढत पाण्याचे झरे, आणि काही ठिकाणी हातांचा आधार घेत उतरावे लागणारे खडक. वरच्या भागात पाऊस पडला, की घळीत निरभ्र आकाशाखालीही अचानक लोंढा येतो. सप्टेंबर 2019 मध्ये अशाच लोंढ्यात पर्यटकांचे प्राण गेले आहेत. पावसाची शक्यता असेल त्या दिवशी घळीत उतरू नये, आणि कोरड्या दिवशीही स्थानिक वाटाड्याशिवाय उतरू नये. विदर्भातील शाळा सहसा जूनच्या अखेरीस सुरू होतात, त्यामुळे जूनचा दुसरा व तिसरा आठवडा आपल्याला सोयीचा ठरेल. तोवर तेथील मोठा पाऊस ओसरलेला असतो. सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागेल, हे नागपूरच्या जूनमध्ये बॅग भरताना लक्षात राहत नाही.

केवळ या उद्यानासाठी जाऊ नये, असे माझे मत आहे. हेल्स गेटला एक पूर्ण दिवस पुरतो. नैवाशाला मुक्काम ठेवून दुसऱ्या दिवशी सरोवरात नावेतून पाणघोडे पाहावेत आणि पुढे नाकुरू सरोवर उद्यानात जावे. तेथे गेंडे आणि सिंह आहेत, मात्र तेथे वाहनातूनच फिरावे लागते. हेल्स गेटच्या हद्दीत ओल्कारिया येथे भूगर्भातील वाफेवर वीज तयार होते. कोराडी आणि खापरखेड्याची धुराडी पाहत वाढलेल्या मुलाला त्या वाफेच्या नळ्या दाखवाव्यात. काहींना त्या निसर्गात खुपतात, मला त्या पाहण्याजोग्या वाटतात.

प्रश्न : याच सहलीत माझ्या सहासष्ट वर्षांच्या सासूबाई येणार आहेत. पीतज्वराची (यलो फीवर) लस त्यांनाही घ्यावी लागेल का?

उत्तर : केनियातून भारतात परतताना पीतज्वर लसीकरणाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. लस शासनमान्य केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि पुढे आयुष्यभर चालते. मात्र साठीनंतर ही लस प्रथमच घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका अधिक असतो, म्हणून तिकिटे काढण्याआधीच त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रमाणपत्राविना परतल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. डॉक्टरांनी नकार दिला, तर सासूबाईंचा बेत वेगळा आखावा. त्यांनी लस घेतली आणि त्या आल्या, तर त्यांच्यासाठी उद्यानात मोटार नेता येते; घळ मात्र त्यांनी वरूनच पाहावी.