सुरुवातीच्या मोटारींना पुढच्या चाकांना ब्रेक का नसायचे?

तुमचा प्रश्न असा की, 1920 च्या आधीच्या बहुतेक मोटारींना ब्रेक फक्त मागेच कसे, एवढी साधी गोष्ट त्या लोकांना सुचली नाही का? सुचली होती. घोडं अडलं ते पेडलचा जोर ब्रेकपर्यंत नेणाऱ्या लोखंडी सळ्यांपाशी.

आधी हिशेब बघा. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात, म्हणजे पकड हवी तिथेच ती कमी होते. कोरड्या, बऱ्या रस्त्यावर ताशी 40 किमीने चाललेली उंच, जुन्या घडणीची गाडी चारही चाकांनी साधारण 10-11 मीटरमध्ये थांबायला हवी. फक्त मागच्या चाकांनी तिला 24 मीटर तरी लागतील. (गणित माझं, ढोबळ आहे.) फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर पायाचा ब्रेक चाकांवर नव्हताच. तो गिअरबॉक्समधल्या पट्ट्यावर लागायचा. मागचा अॅक्सल शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, तुटला की पेडल दाबून काही उपयोग नाही, मग चाकांवरच्या हँडब्रेकचाच काय तो आधार.

आता पुढच्या चाकाकडे या. जुन्या सायकलला सळ्यांचे ब्रेक असतात, त्यात पुढची सळी हँडलबरोबरच वळते, म्हणून तिथे काही अडत नाही. मोटारीत पेडल चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, आणि ब्रेक ज्याला आतून घासतो तो ड्रम चाकावर. ते चाक स्टेअरिंगबरोबर वळतं, शिवाय स्प्रिंगच्या पाट्यांवर वरखाली उसळतं. अशा चाकाला सरळ सळी जोडली, तर वळण घेताना सळी आपोआप ताणली जाणार किंवा ढिली पडणार. खड्ड्यात चाक गेलं की ड्रायव्हरने पाय न लावताच ब्रेक चिकटणार. त्यात डाव्या-उजव्या सळीत थोडा जरी फरक राहिला तरी एक बाजू आधी धरते. मागे हे खपून जातं, पुढे मात्र थेट स्टेअरिंगच हिसका खातं. पुढचे ब्रेक म्हणजे गाडी हातातून जाणार, अशी धास्ती त्या काळी होती. ती अगदीच बिनबुडाची नव्हती.

यावरची तोड मला फार आवडते. आंरी पेरो या फ्रेंच इंजिनिअरने ओढण्याऐवजी पिळायचं ठरवलं. चॅसिसपासून चाकाकडे एक आडवा शाफ्ट न्यायचा, ब्रेक मारला की तो थोडा फिरणार आणि ड्रममधला कॅम (लंबगोल तुकडा) शू, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्ट्या, फाकवणार. मेख अशी की शाफ्टचा सांधा बरोबर किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळतं तिच्या, रेषेवर ठेवायचा. चाक त्याच रेषेभोवती वळतं, त्यामुळे कितीही वळवलं तरी ब्रेकला पत्ता लागत नाही. स्कॉटलंडच्या आर्गाइलने आणि इटलीच्या इसोटा फ्रास्कीनीने 1910 च्या सुमारास चार चाकांचे ब्रेक गाड्यांवर बसवले. 1914 च्या ल्योंच्या ग्राँ प्री शर्यतीत प्यूजोकडे चारही चाकांना ब्रेक होते, तरी पहिले तीन नंबर मर्सिडीजने नेले, आणि त्यांच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते! शंका घेणाऱ्यांचं फावलं असणारच.

पुढचा अडसर पायाच्या जोराचा. चार ड्रम दाबायचे तर पेडल जड होतं, आणि तरफ वाढवली तर ते फळीला टेकेपर्यंत दाबावं लागतं. 1919 च्या इस्पानो-स्वीझा एच6 मध्ये मार्क बिर्किग्टने गिअरबॉक्सवरून फिरणारा सर्व्हो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा, बसवला. पायाने फक्त त्याचा क्लच दाबायचा, सळ्या ओढायचं काम धावती गाडीच करते. रोल्स-रॉईसनेही पुढे त्याच धर्तीचा सर्व्हो घेतला.

हायड्रॉलिकने, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकने, सळ्यांची बहुतेक कटकट एका फटक्यात मिटवली. रबरी नळी हवी तशी वाकते आणि तेलाचा दाब दोन्हीकडे सारखाच पोचतो. 1921 मध्ये ड्यूझेनबर्गने ते घेतले, 1924 मध्ये क्रायस्लरने. फोर्डने मात्र 1939 चं मॉडेल येईपर्यंत सळ्या सोडल्या नाहीत, आणि वर पेडलपासून चाकापर्यंत पोलाद म्हणून त्याचीच जाहिरात केली.

सळी-केबलचा हा जमाना पुरता संपलेला नाही. हँडब्रेकची केबल आजही कित्येक गाड्यांत आहे, फक्त ती न वळणाऱ्या मागच्या चाकांना जाते.