ती कोणत्या प्रसंगाला थांबली?

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या अब्बूंनी मोबाइल माझ्या टेबलावर पालथा ठेवला. त्याचं तोंडही बघायला नको, असा. "महिनाभरात चार सिनेमे बघितलेत तिनं. मी मोजले. चारही सिनेमांत बाप वाईट."

यादी नजरेखालून घातली तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. 'वज्दा'मधले वडील दुसरं लग्न करायला निघालेले. 'हला'मधले बाहेर प्रेमप्रकरणात गुंतलेले. 'सिक्रेट सुपरस्टार'मधला फारूक हात उगारणारा. आणि चौथा 'व्हॉट विल पीपल से'. त्यातला बाप नॉर्वेत वाढलेल्या निशाला बळजबरीनं पाकिस्तानात नेऊन नातेवाइकांकडे सोडतो. घरात भांडण पेटलं ते या चौथ्यावरून.

आईवडील माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येतात तो जवळजवळ याच शब्दांत : असले सिनेमे बघून मुलगी हाताबाहेर गेली, आता काय करायचं? इथल्या घराचे तपशील मी बदलले आहेत, नावं मुद्दामच घातलेली नाहीत. मुलगी सोळा वर्षांची. मावशीच्या घरचं लग्न होतं, दुसऱ्या देशात. तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, मी येणार नाही. कारण विचारलं तर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाली, "निशालाही कुणी सांगितलं नव्हतं."

अम्मीला निशा कोण ते माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, वर्गातली मैत्रीण.

पहिल्याच भेटीत माझ्याकडून एक चूक झाली, ती आधी सांगते. मुलगी तोंड उघडायच्या आत मी वहीत 'घरातली बंधनं' असं लिहून मोकळी झाले होते. वडिलांची दाढी, अम्मीचं गप्प राहणं, मुलीची डोक्यावरून घेतलेली ओढणी, आणि मी स्वतः पाहिलेले तेच चार सिनेमे. गोष्ट मला आधीच पाठ होती. थोडक्यात, अब्बू ज्या सिनेमांना दोष देत होते, त्या सिनेमांनी मुलीच्या आधी माझंच मत बनवून टाकलं होतं.

मुलगी एकटी बसली तेव्हा म्हणाली, "मॅडम, 'हला'चा शेवट मला नाही आवडला. कॉलेजात गेल्या गेल्या ती हिजाब काढते. सिनेमात मुलगी मोठी झाली हे दाखवायचं म्हणजे डोक्यावरचं काढायचं. मला माझी ओढणी जड होत नाही. मला आर्किटेक्चरला जायचंय, आणि ते कॉलेज दुसऱ्या गावात आहे."

वहीतले ते दोन शब्द मी खोडले.

मग तिनं मनगटावरचं घड्याळ काढून पट्टा उलटा केला. आतल्या बाजूला बारीक अक्षरात दहा आकडे लिहिलेले. मैत्रिणीच्या आईचा नंबर. मोबाइल काढून घेतला तरी हा राहील, म्हणाली.

असं काही दिसलं की समुपदेशकानं आधी एकच गोष्ट करायची : भीती खरी आहे का, हे मुलीला एकटीला, नीट, पुन्हा पुन्हा विचारायचं. घरात लग्नाचा विषय निघाला होता का? कुणी हात उचलला? पासपोर्ट कुणाकडे असतो? तिथलं तिला कोण कोण ओळखतं? यातल्या एकाही उत्तरानं मनात शंका आली असती तर आईवडिलांना समोरासमोर बसवायचा विचारही मी केला नसता. तसल्या घरात कौटुंबिक बैठक म्हणजे मुलीचं गुपित नेऊन त्यांच्या हातात देणं. तिथं कामाला येतं ते संरक्षण. इथं उत्तरं वेगळी निघाली. लग्नाचं कुणी बोललं नव्हतं. पण दुसऱ्या गावच्या कॉलेजचा फॉर्म आणलेला दिसल्यावर अब्बू जेवताना म्हणाले होते, "आधी लग्नाला जाऊन येऊ, मग बघू." त्यांच्या लेखी हे साधं पुढं ढकलणं. तिनं मात्र हे वाक्य त्या सिनेमाशेजारी ठेवून ऐकलं.

पुढच्या वेळी तिघं एकत्र बसले. सिनेमा चांगला की वाईट या वादात मी पडले नाही. तो वाद तासभर चालतो आणि हाती काही लागत नाही. मी एवढंच विचारलं, की 'व्हॉट विल पीपल से'मधला कोणता प्रसंग डोक्यातून जात नाही? अब्बूंनी सुरुवातीची वीस मिनिटं बघून बंद केला होता. त्यांना आठवत होता तो मुलीच्या खोलीत मुलगा सापडतो तो प्रसंग. मुलीला तो धड आठवतही नव्हता. तिच्या डोक्यात बसलं होतं ते गाडीत बसलेल्या निशाला आपण कुठं चाललोय हे कुणी सांगत नाही, ते. एकाच सिनेमात दोघं दोन वेगळ्या जागी अडकले होते आणि दोघांनाही वाटत होतं, समोरचा आपल्याच जागी उभा आहे.

अम्मींनी सिनेमा पाहिलाच नव्हता. त्या म्हणाल्या, "मला तो गिटारचा प्रसंग आठवतो." 'सिक्रेट सुपरस्टार'मध्ये विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरतं, बाप मुलीची गिटार टाकून द्यायला सांगतो आणि आजवर ऐकून घेणारी नजमा तिथं नाही म्हणते. हा सिनेमा 2017 मध्ये घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहिला होता. अब्बूंनी बायकोकडे वळून पाहिलं. काही बोलले नाहीत. मीही तो धागा तिथं ओढला नाही. तो त्यांच्या दोघांचा होता, आणि अम्मी पुढं एकट्या दोनदा येऊन गेल्या.

अब्बूंना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, 'व्हॉट विल पीपल से' शेवटपर्यंत बघा. दिग्दर्शिका इराम हकला तिच्याच आईवडिलांनी चौदाव्या वर्षी पाकिस्तानात नेऊन दीड वर्ष ठेवलं होतं, आणि वडिलांनी मरण्याआधी तिची माफी मागितली. मुलीनं बापावर सूड उगवायला काढलेला हा सिनेमा नव्हे. दुसरी, 'ब्लाइंडेड बाय द लाइट' बघा. 1987 सालचं इंग्लंडमधलं लूटन, मोटारीच्या कारखान्यातली नोकरी गेलेला पाकिस्तानी बाप, घरी शिलाई करणारी आई आणि कविता लिहिणारा जावेद. त्यातला बाप तोंडानं फार कडक आहे. पण नोकरी गेल्यावरचा त्याचा चेहरा बघितला की तो कडकपणा कुठून येतो ते कळतं. (या प्रकारच्या सिनेमांबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे. मुलांच्या स्वप्नाला दीड तास मिळतो, बापाच्या भीतीला दीड मिनिट.)

दहा दिवसांनी ते एकटेच आले. जावेदबद्दल एक शब्द नाही. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "तो निशाचा बाप वर खिडकीत उभा असतो, मॅडम. मुलगी खाली बर्फात. ती पळून चाललीय हे त्याला दिसतं. आणि तो हाक मारत नाही." मग बराच वेळ गप्प. "मला वाटलं, हाच बाप आधी बोलला असता तर तिला खिडकीतून जावं लागलं नसतं."

मी विचारलं, हे तिला सांगितलंत?

"नाही. तिच्यापुढं माझी जीभ उचलत नाही." मग कामाचं बोलावं तसं म्हणाले, "काय करू ते सांगा."

लेकीशी मन मोकळं करून बोला, असं सांगितलं तर असे वडील माना डोलावून घरी जातात आणि पेपर उघडतात. त्यांना हातानं करायचं काहीतरी द्यावं लागतं. तिकीट कुणाकडे, पासपोर्ट कुणाकडे, फोन कुणाकडे, हे ठरवायला सांगितलं. आणि कॉलेजच्या फॉर्मची शेवटची तारीख लग्नाच्या आधी येते की नंतर, तेवढं बघायला सांगितलं. ती आधी येत होती. 'मग बघू' या दोन शब्दांत नेमकी ती तारीख निघून जाणार होती, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

फॉर्म भरला. हॉस्टेलला अजून हो म्हटलेलं नाही. मोठ्या चुलत्यांना विचारायचंय, आणि ते काय म्हणतील हे मुलीला आत्ताच माहीत आहे. यावर आमच्या अजून दोन-तीन भेटी होतील.

लग्नाला ती गेली. पासपोर्ट आणि परतीचं तिकीट तिच्या पर्समध्ये होतं, ठरलेल्या दिवशी सगळे परत आले. परवा आली तेव्हा मनगटावर तेच घड्याळ. पट्ट्याच्या आतला नंबर पुसलास का, असं मी विचारलं नाही. तिनंच पट्टा उलटून दाखवला. आकडे तसेच होते, त्यांच्याखाली निळ्या शाईत आणखी दहा. अक्षर तिचं नव्हतं. अब्बूंनी स्वतःचा नंबर लिहिला होता.