आकडा घेतल्याशिवाय सेमिनारला जाऊ नकोस

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. तुझ्यावर नाही, तुला तीन दिवस सभागृहात बसवून, जाड फाइल आणि प्रमाणपत्र हातात देऊन परत पाठवणाऱ्यांवर. ‘सर, तिथे सगळं पटलं होतं, पण कारखान्यात प्रॉडक्शन लाइनवर उभी राहिले तेव्हा कुठून सुरुवात करायची तेच कळेना,’ असं लिहितेस. आणि त्यावर उपाय म्हणून इनोव्हेशन मॅनेजमेंटचा आणखी एक सेमिनार करू का, असंही विचारतेस.

कर. पण जाताना तुझ्या लाइनचा एक आकडा घेऊन जा. याखेरीज माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही आणि पत्रभर मी हेच सांगणार आहे.

‘रिजेक्शन जास्त आहे’ हा आकडा होत नाही. कुठला पार्ट, कुठलं ऑपरेशन, कुठली शिफ्ट, शंभर तुकड्यांमागे किती, हे हवं. डाय, म्हणजे प्रेसमध्ये तुकड्याला आकार देणारा साचा, बदलायला फार वेळ जातो म्हणतेस ना? मग जुन्या डायवरचा शेवटचा चांगला तुकडा निघाल्यापासून नव्या डायवरचा पहिला चांगला तुकडा हातात पडेपर्यंत घड्याळ लाव. रजिस्टरमध्ये प्रेस चालू झाली की सेटअप संपला असं लिहितात. त्यापुढे ट्रायलचे तुकडे भंगारात जात राहतात, तो वेळ कुणाच्याच खात्यावर पडत नाही. तेव्हा रजिस्टर उतरवून घेऊ नकोस, स्वतः उभी राहून मोज. पाय दुखतील. दुखू देत.

इनोव्हेशन म्हटलं की तुम्हा मुलांच्या डोळ्यांसमोर रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेला फळा येतो. जपानी इंजिनियर शिगेओ शिंगो 1950 मध्ये माझदाच्या कारखान्यात प्रेसची डाय बदलताना बघत होते. डाय बसवायचा एक बोल्ट सापडेना. कामगार तो शोधायला गेला तो तासाभराने परतला, शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट कापून, त्याला आटे पाडून. तोवर प्रेस बंद. मशीन थांबवूनच करावी लागणारी कामं वेगळी आणि मशीन चालू असताना उरकता येणारी वेगळी, हा विचार तिथून सुरू झाला. पुढे 1969 मध्ये टोयोटात 1,000 टनांच्या प्रेसच्या सेटअपला चार तास लागत होते. शिंगोंच्या मदतीने ते आधी दीड तासावर आणले, मग तीन मिनिटांवर. ‘चार तास’ हे कुणी मोजलंच नसतं तर कमी काय करणार होते?

आता सेमिनार कसा निवडायचा. माहितीपत्रकावरचे फोटो बघू नकोस. आयोजकांना विचार, मी माझी अडचण आणली तर तिच्यावर वर्गात काम होईल का? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सुपरवायझरांसाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम चालवला गेला. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, एकूण दहा तास. प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातलं खरं काम आणायचं आणि ते सगळ्यांसमोर शिकवून दाखवायचं. युद्धानंतर हीच पद्धत जपानला गेली, टोयोटानेही उचलली. दहा तासांत जे बसतं त्याला तीन दिवस लागतात तेव्हा मधला वेळ कशात जातो, हे तू नुकतंच बघून आली आहेस.

शेवटच्या दिवशी फॉर्म भरून घेतात, जेवण कसं होतं, वक्ते कसे वाटले. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षण जोखायचे चार टप्पे मांडले. लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर वागणं बदललं का आणि धंद्याला काय फळ मिळालं. तो फॉर्म पहिल्याच टप्प्यावर संपतो. चौथ्यापर्यंत जायचं तर आधीचा आकडा लागतो. पुन्हा तेच, हो. पुन्हा तेच.

तुझ्या साहेबांनाही यात ओढ. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग 1950 मध्ये जपानमध्ये आकडेवारीवरून दर्जा सांभाळायचं शास्त्र शिकवायला गेले तेव्हा नुसत्या इंजिनियरांवर थांबले नाहीत, कंपन्यांच्या प्रमुखांनाही समोर बसवलं. अमेरिकेत युद्धकाळात हेच शास्त्र इंजिनियर शिकले होते, पण वरच्यांना त्याचा गंध नव्हता, म्हणून युद्ध संपताच ये रे माझ्या मागल्या झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. साहेब सेमिनारला येणार नाहीत, ठीक आहे. पण निघण्याआधी तो आकडा त्यांना दाखव आणि परत आल्यावर एका मशीनवर एक बदल करून बघायची परवानगी आधीच लेखी घेऊन ठेव. नंतर मागशील तर डिस्पॅचची घाई असेल. ती नेहमीच असते.

मी प्लँट सांभाळत होतो तेव्हा आकडा न लिहिलेला प्रशिक्षणाचा अर्ज सही न करता परत पाठवायचो. आडमुठा म्हणायचे मला. एक हुशार मुलगा त्यावरून चिडला, नोकरी सोडून गेला. तो गेल्याचं आजही वाईट वाटतं. पण त्याच्यासाठी नियम वाकवला असता तर उरलेल्यांनी मशीनपाशी उभं राहायचे कष्ट घेतले नसते. खर्च वाचवायला मी सह्या अडवतो असं वरचे समजायचे. समजोत. आकडा घेऊन आलेल्याला मी कधी नाही म्हटलं नाही, हे त्यांतल्या कुणी सांगत नाही.

आणि तुझ्या पत्रातला तो डाय बसवणारा सेटर, डाय नुसत्या आवाजावरून ओळखणारा. त्याला बरोबर ने. त्याला इंग्रजी येत नाही ही सबब मला सांगू नकोस. तू शेजारी बसून सांग, नाहीतर मराठीत शिकवणारा शोध. कंपनीने एकच जागा दिली तर ती त्याला दे. तुला राग येईल, येऊ दे. डायला हात तो लावतो. तू मागे राहा आणि तो परत येईपर्यंत रोजचा सेटअप मोजून ठेव.

तुझा,
सर