सूत्राला विचारा, तुझा डेटा कुठला?

अभियांत्रिकीत अंदाज देणाऱ्या गणिती सूत्रांबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न साचले होते. त्यातले पाच आज घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, पण पावसाळ्याच्या आधी त्याची गरज जास्त जणांना पडणार.

प्रश्न : मी कनिष्ठ अभियंता आहे. चिपळूण तालुक्यातल्या एका ओढ्यावर लहान पूल घ्यायचाय. पाणलोट २५ चौरस किलोमीटर. डिकेन्सच्या सूत्राने, सह्याद्रीचा गुणांक २२ धरून, विसर्ग २४६ घनमीटर प्रति सेकंद येतो. इंग्लिसच्या सूत्राने ५२१. साहेब म्हणतात, सरासरी काढ आणि पुढे चल. काढू का?

नको. आधी ही दोन सूत्रं काय सांगतात ते बघा, मग सरासरीत अर्थ का नाही ते कळेल.

डिकेन्सचं सूत्र १८६५ सालचं, मूळ उत्तर भारतातल्या नद्यांवरून बांधलेलं. विसर्ग म्हणजे क्षेत्राचा पाऊण घात गुणिले एक गुणांक. त्यातली सगळी गंमत त्या गुणांकात आहे. उत्तरेच्या मैदानात तो ६ घेतात, मध्य भारतात १४ ते २८. म्हणजे पाऊस, चढ, माती, झाडोरा या सगळ्यांचा भार एकट्या आकड्यावर टाकलाय. तो आकडा तुमच्या ओढ्यावर मोजलेला नाही, तक्त्यातून उचललेला आहे.

इंग्लिसचं सूत्र आपल्या घरचं. क्लॉड इंग्लिस मुंबई इलाख्यातले पाटबंधारे अभियंते, खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राशी त्यांचं नाव कायमचं जोडलेलं. विसर्ग = १२४ × क्षेत्र ÷ √(क्षेत्र + १०.४). हे पश्चिम घाटातल्या, पंख्यासारख्या पसरलेल्या पाणलोटांसाठी आहे, आणि रोख आहे तो नोंदलेल्या मोठ्यात मोठ्या पुरांवर. ते सरासरी पूर सांगत नाही, वरची कड दाखवतं. पंख्याच्या आकारात सगळ्या फाट्यांचं पाणी जवळजवळ एकाच वेळी खाली येतं. तुमचा ओढा लांबट, चिंचोळ्या खोऱ्यातून येत असेल तर शिखर तेवढं चढणार नाही. तेव्हा पहिलं काम : टोपोशीट (चढउतार दाखवणारा नकाशा) काढा आणि पाणलोटाचा आकार बघा.

दुसरं, दोन्ही आकडे पावसात बदलून बघा. एक चौरस किलोमीटरवर ताशी एक मिलिमीटर पाणी वाहून गेलं तर विसर्ग होतो ०.२७८ घनमीटर प्रति सेकंद. या हिशेबाने ५२१ म्हणजे अख्ख्या पाणलोटावरून ताशी साधारण ७५ मिलिमीटर वाहतं पाणी, आणि २४६ म्हणजे ३५ मिलिमीटर. आता कोकणातल्या माणसाला विचारा, दोन-तीन तास ताशी ३५ पडतो का? तो हसेल, इतकं ते नेहमीचं. ७५ रोजचं नाही, पण अशक्यही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर झाला, आणि जुलै २०२१ चं चिपळूण तुम्हाला मी सांगायला नको. इंग्लिसच्या काळातल्या नोंदींत यातलं काहीच नव्हतं. वरची कड म्हणजे तोवर पाहिलेल्या पुरांची कड, यापुढच्यांची हमी नव्हे.

तिसरं काम सगळ्यात मोलाचं. ओढ्यावर जा. पुराच्या खुणा शोधा : जुन्या मोरीच्या भिंतीवरचा डाग, झाडात अडकलेला कचरा, काठावरच्या घरातल्या म्हाताऱ्यांची आठवण. तीन ठिकाणी पात्राचे छेद घ्या, उतार मोजा, मॅनिंगच्या सूत्राने (छेद, उतार आणि पात्राचा खडबडीतपणा यांवरून) पाण्याचा वेग काढा. हा तिसरा आकडा तुमच्याच ओढ्याचा असेल. लहान पुलांसाठीची आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेसची) मार्गदर्शिका, एसपी १३, असंच सांगते : वेगवेगळ्या रीतींनी विसर्ग काढा, सगळ्यात मोठा घ्या, पण तो त्याखालच्या आकड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असेल तर दीडपटीवर थांबा. तुमच्याकडे दोनच आकडे असतील तर उत्तर येतं २४६ ची दीडपट, ३६९. खुणांवरून समजा ४०० आला, तर ५२१ त्याच्या दीडपटीत बसतो आणि तोच घ्यावा लागतो. साहेबांची सरासरी येते ३८३ च्या आसपास, आणि तिच्यामागे काहीच कारण नाही. एक आकडा वरची कड सांगतो, दुसरा तक्त्यातला गुणांक. दोघांची बेरीज करून दोनने भागलं की तिसरं शहाणपण निघत नाही.

प्रश्न : जुन्या पुस्तकात इंग्लिसच्या सूत्रात ७००० आणि ४ आहे. तुम्ही १२४ आणि १०.४ सांगता. सूत्र कधी सुधारलं?

सुधारलं नाही, फक्त एककं बदलली. ७००० आणि ४ हे चौरस मैल आणि क्युसेकमधले (क्युसेक म्हणजे घनफूट प्रति सेकंद). ४ चौरस मैल म्हणजे १०.४ चौरस किलोमीटर. ज्या सूत्राच्या दोन्ही बाजूंची परिमाणं आपोआप जुळत नाहीत, त्याच्या स्थिरांकात एककं दडलेली असतात. मॅनिंगमध्येही फुटात काम केलं की वर १.४८६ येतो, तो याचमुळे. जुन्या फाइलीतून सूत्र उचलताना शेजारी एककं लिहिलेली नसतील तर ते वापरू नका. एवढं साधं आहे, तरी दर वर्षी कुणीतरी चौरस किलोमीटर घालून क्युसेक वाचतोच.

प्रश्न : नाशिकला आमचा आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट आहे. एम-३० काँक्रीटच्या (३० मेगापास्कल सामर्थ्याच्या) चाचणी-सिलेंडरवर लॅबने स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, ३५,००० मेगापास्कल दिला. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडच्या ५०००√एफसीके ने २७,३८६ येतो. कोड चुकतंय की लॅब? आमच्या काँक्रीटसाठी आम्ही स्वतःचं सूत्र काढावं का?

दोघांपैकी कुणी चुकतंय असं मला वाटत नाही. कोडच्या त्याच कलमात पुढे लिहिलंय की प्रत्यक्ष मोजलेलं मूल्य सूत्रापेक्षा २० टक्के वरखाली असू शकतं. हे वाक्य वाचून सोडून देणारे फार. तुमचा फरक २८ टक्के दिसतो, पण त्यातला बराचसा वर्गमुळाखाली चुकीचा आकडा घातल्यामुळे आलाय. एफसीके म्हणजे वैशिष्ट्यपूर्ण सामर्थ्य, ज्याच्या खाली चाचणीचे पाच टक्क्यांपेक्षा जास्त क्यूब (ठोकळे) जाऊ नयेत ते. तुम्ही मोजलेला गुणांक मात्र एका खऱ्या काँक्रीटचा आहे, आणि एम-३० चं लक्ष्य सामर्थ्य ३८ च्या पुढे असतं. पत्रासोबतच्या अहवालात क्यूबची सरासरी ३९ आहे. वर्गमुळाखाली ३९ घाला, उत्तर येतं ३१,२२५. फरक राहिला १२ टक्के.

त्या १२ टक्क्यांचं कारण तुमच्या यार्डात ढिगाने पडलंय. काळा पाषाण. बेसॉल्टची घट्ट खडी काँक्रीटला ताठ करते, आणि आयएस ४५६ च्या सूत्रात खडी कुठेच नाही. युरोकोडमध्ये आहे : बेसॉल्ट असेल तर गुणांक २० टक्के वाढवा, चुनखडी असेल तर १० टक्के कमी करा, वालुकाश्म असेल तर ३० टक्के कमी करा. सूत्र सुधारायचं म्हणजे घातांकाशी खेळायचं असं पुष्कळांना वाटतं. इथे सुधारणा घातांकात नाही, राहून गेलेल्या एका गोष्टीत आहे.

स्वतःचं पूर्ण सूत्र मात्र तुमच्या डेटातून निघणार नाही. तुम्ही एम-२५ ते एम-३५ बनवता. २५ पासून ३५ पर्यंत गेलं की वर्गमूळ वाढतं जेमतेम १८ टक्क्यांनी, आणि मोजमापाचं विखुरणं त्याच घरातलं. अशा ढगातून घातांक ०.५ (म्हणजे वर्गमूळ) आहे की ०.३ हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही. सांगेल, पण त्यावर विश्वास ठेवू नका. घातांक कोडचाच ठेवा आणि ५००० च्या जागचा गुणांक तेवढा तुमचा काढा. एकाच बॅचचे तीन सिलेंडर पुरणार नाहीत, वर्षभराच्या वेगवेगळ्या बॅचेस हव्यात. आजच्या आकड्यांवरून तो ५६०० च्या आसपास दिसतो. योगायोग असा की १९७८ च्या आयएस ४५६ मध्ये ५७०० च होतं. आणि एक सावधगिरी : ताठ काँक्रीट वाक कमी देतं हे खरं, पण आकुंचन अडलं की ताणही जास्त घेतं. डिझायनरला हा आकडा कळवताना दोन्ही बाजू कळवा.

प्रश्न : मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. न्यूरल नेटवर्कने काँक्रीटचं सामर्थ्य सांगायचा प्रोजेक्ट केला. १०३० ओळींचा प्रसिद्ध डेटा वापरला, २० टक्के ओळी चाचणीला ठेवल्या, आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळला याचं माप, पूर्ण जुळला तर १) ०.९२ आला. गाइड खूश आहेत. आता यातून सूत्र काढून पेपर लिहायचाय. काही सुचवाल?

हा डेटा तैवानच्या येह यांचा, १९९८ च्या सुमाराचा. सिमेंट, स्लॅग, फ्लाय अ‍ॅश, पाणी, सुपरप्लास्टिसायझर, खडी, वाळू आणि वय असे आठ रकाने. डेटा चांगला आहे. पण तो उघडून ओळी डोळ्यांनी वाचल्यात का? एकच मिक्स वेगवेगळ्या वयांना पुन्हा पुन्हा येतं. ओळी पिसून २० टक्के बाजूला काढल्या की एखाद्या मिक्सचा ७ दिवसांचा आकडा शिकवणीत जातो आणि २८ दिवसांचा परीक्षेत. मॉडेलला तो मिक्स आधीच ओळखीचा. परीक्षेतले निम्मे प्रश्न वर्गात सोडवून दिले तर पोरं पास होणारच. विभागणी मिक्सनुसार करा, एक मिक्स पूर्ण इकडे नाहीतर पूर्ण तिकडे. आकडा खाली येईल. तोच खरा.

दुसरं म्हणजे आर-स्क्वेअरवर भाळू नका. या डेटात सामर्थ्य २ पासून ८२ मेगापास्कलपर्यंत पसरलंय, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसरण्याचं माप) सुमारे १६.७. एवढा पसारा असला की आर-स्क्वेअर चांगला दिसतोच. ०.९२ चा अर्थ मेगापास्कलमध्ये काढा : चूक साधारण ४.७. आयएस ४५६ मध्ये एम-३० साठी गृहीत धरलेलं प्रमाण विचलनच मुळी ५ आहे. साइटवरच्या माणसासाठी तुमच्या मॉडेलने किती माहिती वाढवली, ते पेपरात हेच दोन आकडे शेजारी ठेवून सांगा.

तिसरी चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला पाच मिनिटं लागतात. बाकी सगळं स्थिर ठेवून पाणी-सिमेंट प्रमाण ०.३५ पासून ०.७ पर्यंत वाढवत न्या आणि सामर्थ्याची रेघ काढा. अब्रॅम्सने १९१८ मध्ये सांगितलंय की ती खाली उतरली पाहिजे. मध्येच वर उचलली, तर मॉडेलने काँक्रीट शिकलेलं नाही, ढिगातले अपघात पाठ केलेत. वयाबरोबर सामर्थ्य घटताना दिसलं तरी तेच समजा.

आणि पेपरात सूत्र देणारच असाल तर सहा दशांश स्थळांचे गुणांक देऊ नका. ज्या क्यूबचा आकडा दोन मेगापास्कलने इकडेतिकडे होतो, त्याला सहा दशांश शोभत नाहीत. शक्य असेल तर जवळच्या प्लांटकडून पन्नासेक मिक्स मागून आणा आणि तुमचं मॉडेल त्यावर चालवा. आकडा पडला तरी छापा. वाचणाऱ्याला त्याचाच उपयोग आहे.

प्रश्न : नदीतल्या गाळाचा मी अभ्यास करतो. विसर्ग आणि रोजचा गाळभार लॉग-लॉग कागदावर मांडले, एक्सेलने पॉवर ट्रेंडलाइन दिली, आर-स्क्वेअर ०.८८. पण सूत्राने वर्षाचा एकूण गाळ काढला की मोजलेल्या बेरजेपेक्षा पाव हिस्सा कमी भरतो. का?

एक्सेल पॉवर ट्रेंडलाइन लॉग घेऊनच बसवतं. लॉगमध्ये मध्यावर बसलेली रेघ परत साध्या आकड्यांत आणली की ती सरासरी देत नाही, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) देते, आणि गाळासारख्या उजवीकडे लांब शेपूट असलेल्या राशीत मध्यक नेहमी सरासरीच्या खाली. फर्ग्युसन यांनी १९८६ मध्ये नदीच्या गाळाबद्दल नेमकं हेच दाखवलं. उपाय : रेघ आणि मोजलेले आकडे यांत उरलेल्या फरकांचं प्रमाण विचलन नैसर्गिक लॉगमध्ये काढा, त्याच्या वर्गाचं निम्मं घ्या, ई चा तो घात करा आणि सूत्राला त्याने गुणा. विचलन ०.७ असेल तर गुणक येतो १.२८. तुमचा पाव हिस्सा बहुधा इथेच गेलाय. फरक लॉगमध्ये घंटेच्या आकारात पसरलेले नसतील तर दुआन यांची १९८३ ची रीत वापरा : प्रत्येक फरकाचा ई-घात काढून त्यांची सरासरी घ्यायची, बस.

दुसरी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. गाळभार म्हणजे संहती (ठरावीक पाण्यात गाळ किती ते) गुणिले विसर्ग. म्हणजे तुमच्या आलेखावर विसर्ग दोन्ही अक्षांवर बसलाय. विसर्ग विसर्गाशी जुळणारच, आणि ०.८८ मधला मोठा वाटा त्या जुळण्याचा असणार. संहती आणि विसर्ग असा आलेख काढून बघा. आर-स्क्वेअर दणकून पडेल. विखुरणं मात्र तेवढंच दिसेल, कारण गाळाचं खरं विखुरणं तेच आहे. मग पुराचं पाणी चढताना घेतलेले नमुने एका रंगात आणि उतरतानाचे दुसऱ्या रंगात टाका. बऱ्याच नद्यांत चढत्या पाण्यात गाळ जास्त येतो, आणि दोन रंग वेगळे पडले तर एका रेघेऐवजी दोन रेघा काढणं हीच तुमच्या सूत्राची पुढची सुधारणा.