चित्रं मित्राची, गेम माझा, आणि दुकान तिसऱ्याचं

प्रश्न : मी घोडबंदर रोडला राहतो. नोकरी सांभाळून तलावपाळीवरच्या भेळवाल्याचा मोबाइल गेम बनवला. चित्रं कळव्याच्या मित्राची. त्याला यूपीआयने 12,000 रुपये दिले, लेखी काही नाही. गेम चालायला लागल्यावर त्याने निम्मा वाटा मागितला. मी नाही म्हटल्यावर त्याने ॲप स्टोअरकडे कॉपीराइटची तक्रार केली आणि गेम रातोरात काढला गेला. स्टोअरवर केस करू, की बायकोच्या नावाने नवं खातं काढू?

उत्तर : नव्या खात्याचा विचार आधी डोक्यातून काढा. दोन्ही खात्यांचा संबंध उघड झाला तर दोन्ही बंद होऊ शकतात. आज एकच गेम गेलाय.

स्टोअरवर केस करूनही हाती काही लागणार नाही. बाजारातल्या मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाने 2022 मध्ये गूगलला 936.44 कोटींचा दंड केला (अपिलात 2025 मध्ये तो 216.69 कोटींवर आला), पण तो वाद प्ले स्टोअरच्या बिलिंगचा होता. तुमचं भांडण मित्राशी आहे.

पैसे दिले म्हणजे चित्रं आपली, असं सगळेच धरून चालतात. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 प्रमाणे पहिला मालक चित्रकारच. मात्र मोबदला देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगला अपवाद आहे; वेगळा करार नसेल तर मालकी पैसे देणाऱ्याची. तलावाचा देखावा त्यात बसेल. भेळवाल्याचा हात गरगर फिरतो त्या फ्रेम्स पेंटिंग आहेत का, यावर समोरचा वकील भांडेल. त्याच्या जागी मीही भांडलो असतो. म्हणून व्हॉट्सॲपवर ‘फायनल आहे, गेममध्ये टाक’ अशा अर्थाचं काही आहे का ते शोधा. चॅट एक्सपोर्ट करा, एक ओळही खोडू नका, फोन विकू नका.

आता स्टोअरला प्रतिनोटीस, म्हणजे मित्राच्या तक्रारीला तुमचं लेखी उत्तर. तिचा साचा अमेरिकी कायद्याचा असतो : ती गेल्यावर तक्रारदाराने दावा लावला नाही, तर साधारण 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत गेम परत येतो. पण त्यात तुम्ही शपथेवर लिहून देता आणि तिथल्या कोर्टाचं अधिकारक्षेत्रही मान्य करता. घाईघाईत ‘सबमिट’ दाबू नका, मसुदा मला दाखवा. गंमत अशी, की उद्या कुणी तुमच्या भेळवाल्याची नक्कल विकली, तर कोर्टाची पायरी न चढता ती खाली उतरवायला मित्राने वापरला तोच तक्रारीचा फॉर्म तुमच्या कामी येईल.

तक्रार निराधार ठरली तर कलम 60 खाली मित्राविरुद्ध मनाई आणि भरपाई मागता येते. तरी मी आधी त्याला भेटायला सांगेन. तडजोड झाली तर चित्रांचं हस्तांतर लेखी, त्याच्या सहीने घ्या. मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा, नाहीतर कलम 19 प्रमाणे ते फक्त पाच वर्षांसाठी आणि भारतापुरतं धरलं जातं. टक्केवारी देणार असाल तर ती स्टोअरची कपात वजा करून उरलेल्या रकमेवर, हेही त्यातच लिहून घ्या.